दोना ग्रासिंदाच्या मनगटावरचा दोरा

“हात पुढे करा,” मी म्हणाले, आणि चौघांनीही इंजेक्शन टोचून घ्यायचं असल्यासारखे हात पुढे केले.

एक मार्च, सोमवार. पोर्तुगालमधल्या सेतुबालच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला होता आणि कोट काढायच्या आधी पिशवीतून लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा काढला होता. आमच्याकडे बल्गेरियात, प्लोवदिवला, ह्या दिवशी दहा वाजेपर्यंत कोणी कामाला हात लावत नाही. सगळे एकमेकांच्या मनगटावर मार्तेनित्सा बांधत हिंडतात, अगदी ज्यांच्याशी वर्षभर धड बोलणं नसतं त्यांच्याही. परदेशात पहिल्यांदाच निघाले होते, रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी घरी बसून दोरे वळले होते. एकेकाला बांधत गेले आणि आमच्या रीतीप्रमाणे म्हणत गेले, निरोगी राहा, भरभराट होवो.

शेवटचा हात दोना ग्रासिंदाचा होता; दोना म्हणजे त्यांच्याकडे आदरानं ‘बाई’. अकरा वर्षं मी ह्या बाईशी रोज सकाळी फोनवर बोलत होते. तिचा आवाज ऐकून मी मनाशी चांगली धिप्पाड, दारात मावणार नाही अशी बाई कल्पिली होती. प्रत्यक्षात ती माझ्या खांद्याला लागत होती, आणि खुर्चीत बसली की पाय टेकायला टेबलाखाली एक लाकडी पाट ठेवलेला होता. तिनंही मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, “मला वाटायचं तू काटकुळी असशील. फोनवर अगदी उपाशी वाटतेस.” मग दोघी हसलो आणि मी तिच्या मनगटावर दोरा बांधला. तिला जरा घट्ट बांधला, दुहेरी गाठ मारून, कारण ती माझी सगळ्यात जवळची.

“आता हा काढायचा कधी?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. झाड फुललेलं दिसलं, नाहीतर करकोचा दिसला, की काढायचा आणि त्या झाडाला बांधून टाकायचा. आमच्याकडे त्याला तीन-चार आठवडे सहज लागतात.

मग तिशीतला तेल्मु उठला आणि त्यानं खिडकीचा पडदा सारला. खाली गाड्या लावायच्या जागेत बदामाचं झाड होतं, फुलून अर्धं झडलेलंसुद्धा. त्यापलीकडे विजेच्या खांबावर घरटं होतं आणि घरट्यात करकोच्यांची जोडी उभी होती. वर्षभर इथंच असतात म्हणे, कुठं जात नाहीत.

“बल्गेरियाचं नशीब आमच्याकडे दोन मिनिटं टिकतं,” तेल्मु म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. माझे कान गरम झाले. थंड देशातली रीत मी गाठोड्यात बांधून आणली होती आणि ती इथं उतरल्याबरोबर शिळी झाली होती.

ग्रासिंदानं माझा चेहरा पाहिला असावा. ती म्हणाली, “हसू नका रे. एवढ्या लांबून आणलाय तिनं. मी काही लगेच काढायची नाही. असं करू पोरी, तू परत येशील तेव्हा काढू. तुझ्याच हातानं.”

“चालेल,” मी म्हणाले.

एक्कावन्नाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. आणि मी परत कधी येणार, कशासाठी येणार, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

आमची कंपनी लिफ्टच्या सुट्या भागांची. कुठं लिफ्ट बंद पडली की तिथला मेकॅनिक सेतुबालला फोन करायचा. नेमका कुठला भाग गेला ते ग्रासिंदा ओळखायची आणि मला कळवायची, आणि मी प्लोवदिवच्या गोदामातून तो पाठवायची. हल्लीच्या लिफ्टचं काम कोणीही करील, त्यांचे नंबर संगणकात असतात. खरी कसोटी जुन्या लिफ्टची. ज्या कारखान्यांना टाळं लागून तीस वर्षं झाली त्यांनी बनवलेल्या लिफ्ट अजून वरखाली करताहेत, आणि त्यांचा हिशेब फक्त ग्रासिंदाच्या डोक्यात आणि तिच्या तीन निळ्या वह्यांत होता. रोज सकाळी माझा फोन उचलून ती पहिलं वाक्य एकच म्हणायची, “बोल, आज कोण अडकलंय?”

जानेवारीत कामेननं मला आत बोलावून दार लावून घेतलं. कामेन आमचा साहेब, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणतो. बातमी वाईट असली की जास्तच प्रेमानं म्हणतो.

“ताई, सेतुबालचं ऑफिस सप्टेंबरात बंद होतंय. ते काम आपल्याकडे येतंय. म्हणजे तुझ्याकडे.”

त्यांना हे कधी सांगणार, असं मी विचारलं. जूनमध्ये, तो म्हणाला. तोवर मी तोंड उघडायचं नव्हतं. मार्चमध्ये पाच दिवस तिथं जाऊन बसायचं, भेटीला आले म्हणायचं, आणि त्या बाईच्या डोक्यात काय काय आहे ते सगळं उतरवून आणायचं. आपण हे घेतलं नाही तर ते तिसऱ्याच देशात जाईल, आणि त्यासोबत आपलं टेबलही जाईल, असंही त्यानं सांगितलं. खरंच असेल ते. त्यानं एक कागद पुढे सरकवला आणि मी सही केली. कागद वाचलासुद्धा नाही, कारण वाचला असता तर विचार करावा लागला असता.

“तुला त्यांची भाषा येते म्हणून तुझी निवड झाली,” कामेन म्हणाला. “आणखी कोणाला येते इथं?”

ती भाषा मला शिकवली होती ग्रासिंदानं. सुरुवातीला आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकींना छळायचो. मग तिनं कंटाळून मला आपले शब्द द्यायला सुरुवात केली. वर, खाली, दार, दोर, अडकलं, ह्या पाच शब्दांवर आम्ही पहिलं वर्ष काढलं. अंक मी मालाच्या नंबरांवरून शिकले. चौथ्या-पाचव्या वर्षी ती मला नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल सांगायला लागली आणि मी तिला माझ्या घटस्फोटाबद्दल, आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही की आपण आता पोर्तुगीजमध्ये बोलतोय. माझी आई गेली त्या दिवशी ती फोनवर नुसती बसून होती, काही न बोलता, वीस मिनिटं.

मी घरी गेले आणि स्वतःला समजावलं की मी काही कोणाचं वाईट करत नाहीये, सांगितलेलं काम करतेय. ह्या वाक्यावर माझं आख्खं आयुष्य निघालंय. लहानपणी आमच्या घरी जेवताना रेडिओ मोठ्यानं लावलेला असायचा, भिंतीपलीकडच्यांना आमचं बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर ऐकलेलं घरी बोलायचं नाही आणि घरी ऐकलेलं बाहेर. कम्युनिस्टांचं राज्य गेलं, रेडिओ गेला, पण माझं तोंड काही सुटलं नाही. तीस वर्षांत तीन कंपन्यांमध्ये सगळे साहेब माझ्यावर खूश होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

तर ते पाच दिवस. मी ग्रासिंदाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. फोन आला की ती मेकॅनिकला भलतेच प्रश्न विचारायची. इमारत कधीची? दाराचा रंग मूळचा कुठला, खरवडून बघ. बटण दाबल्यावर आत जातं की नुसतं थरथरतं? मग म्हणायची, “फोन मशीनजवळ धर,” आणि डोळे मिटून ऐकायची. एकदा टक् असा आवाज आला. तिनं डोळे उघडून मला सांगितलं, “बघितलंस? दोनदा टक् व्हायला पाहिजे. एकच झाला.” आणि भागाचा नंबर सांगून मोकळी झाली.

मी सगळं लिहीत होते. तिला त्याचंच कौतुक. “बघ रे, शिकायची हौस म्हणजे काय,” ती तेल्मुला टोमणा मारायची. “तुझी सहा वर्षांत दोन पानं झाली नाहीत. हिची तीन दिवसांत वही संपली.” तेल्मुनं मला हात जोडले. संध्याकाळी ती स्वतः उठून दुकानात गेली आणि माझ्यासाठी नवी वही घेऊन आली, निळ्या पुठ्ठ्याची, तिच्यासारखीच.

माझ्या ह्या नव्या वहीत पान एकेचाळीसवर बेझा गावच्या वृद्धाश्रमाची लिफ्ट होती. तिच्या दाराचं लॉक जगात कुठं मिळत नाही. पण दुसऱ्याच एका लिफ्टचं लॉक उलटं केलं की तिथं बरोबर बसतं. हे कुठल्याही कागदावर नाही. ग्रासिंदानं एकदा भर उन्हाळ्यात स्वतः तिथं जाऊन, मेकॅनिकच्या डोक्याशी डोकं लावून, चार तास खटपट करून शोधलेलं. “चौथ्या मजल्यावर म्हातारी माणसं अडकली होती,” ती म्हणाली. “खाली बागेत कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते आणि ही वरून बघत होती.” मी लिहून घेतलं, की लॉक गोदामाच्या तिसऱ्या खणातलं, उलटं बसवायचं, आणि तिनं पानाचा नंबर बघून ठेवला.

गुरुवारी तिनं मला घरी जेवायला नेलं. तिचा नवरा झेफेरिनु बुचांच्या कारखान्यात होता, गुडघा गेल्यापासून घरीच असतो आणि स्वयंपाक करतो. त्यानं लसूण आणि कोथिंबीर कुटून त्यावर उकळतं पाणी ओतलं, शिळ्या पावाचे तुकडे टाकले, वर प्रत्येकाला एकेक अंडं. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही शिळा पाव कधी फुकट गेला नाही, त्यामुळे मला ते ताट ओळखीचं वाटलं. झेफेरिनुनं माझा हात पाहिला. माझ्याही मनगटावर मी दोरा बांधलेला होता. “आमच्या बाईसाहेब अंघोळीलासुद्धा काढत नाहीत तो,” तो म्हणाला. “माझ्या अंगठीची एवढी कदर नाही केली कधी.”

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा ग्रासिंदानं चमचा खाली ठेवला.

पाल्मेलाला ओरासिओ नावाचा एक जुना मेकॅनिक होता, पंधरा वर्षं तिच्याशी फोनवर बोललेला. त्यानं आता स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं होतं आणि फोनवर बसायला त्याला ग्रासिंदाच हवी होती. पगार थोडा कमी, पण घरापासून बसनं वीस मिनिटं. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं, नाहीतर तो दुसरं माणूस बघणार होता. झेफेरिनुचं म्हणणं होतं की हो म्हण, कंपनीचा काय भरवसा. ग्रासिंदाचं मन सव्वीस वर्षं बसलेल्या टेबलावरून उठत नव्हतं.

“तू आतली आहेस,” ती मला म्हणाली. “तुझ्या कानावर काही आलं असेल तर आत्ता सांग. मी उद्या सकाळी ओरासिओला हो म्हणते. एकोणसाठ वर्षांच्या बाईला पुन्हा कोणी विचारणार नाही. आणि काही नसेल तर मी त्याच टेबलावर म्हातारी व्हायला तयार आहे.”

दोघं माझ्याकडे बघत होते. दोरा बांधलेला तिचा हात टेबलावर माझ्या ताटाशेजारी होता.

“माझ्या कानावर काही नाही,” मी म्हणाले.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. झेफेरिनु अजून बघत होता, आणि मला त्याची नजर सहन होईना. म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले. “उलट काम वाढतंय. म्हणून तर मला शिकायला पाठवलं.”

हे वाक्य माझ्याकडे कोणी मागितलं नव्हतं. कामेननं गप्प राहायला सांगितलं होतं, खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. आजवर मी पुष्कळदा हे सगळं कामेनच्या माथी मारून बघितलंय, पण हे एक वाक्य काही त्याच्या माथी बसत नाही. ते माझंच आहे, आणि मला त्याची लाज वाटते, अजून रोज वाटते.

ग्रासिंदाचा चेहरा खुलला. “बघ, सांगत नव्हते मी?” ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिनं आपल्या ताटातलं अंडं उचलून माझ्या ताटात घातलं. मी ते खाल्लं.

शुक्रवारी सकाळी तिनं माझ्यासमोर ओरासिओला फोन लावला. मी हातभर अंतरावर बसले होते. ती त्याला सांगत होती की मनापासून आभार, पण इथं आता काम वाढतंय, परदेशातून माणसं शिकायला येताहेत, मला हलता यायचं नाही. तिकडून तो काहीतरी समजावत असावा, कारण ती बराच वेळ नुसती हं, हं करत होती. त्या वेळातही मला बोलता आलं असतं. तिच्या खांद्याला हात लावला असता तरी तिनं फोन बाजूला धरला असता. मी पेन्सिलीला टोक काढलं. चांगली होती पेन्सिल, टोक काढायची काही गरज नव्हती.

निघताना तिनं माझ्या पिशवीत क्विन्स नावाच्या फळाच्या, घरी केलेल्या वड्यांचा डबा घातला.

प्लोवदिवला मार्चच्या शेवटी आमच्या बसस्टॉपजवळचा जर्दाळू फुलला. मी माझा दोरा काढून त्याच्या फांदीला बांधला आणि कामावर गेले.

जूनमध्ये त्यांना पत्रं गेली. त्या दिवशी सकाळी फोन उचलायच्या आधी मी पाणी प्यायले. वाटलं, आता ती बोलेल, शिव्या देईल, आणि मला त्या हव्याच होत्या. तिनं फोनवर फक्त नंबर सांगितला. पाच-शून्य-आठ-दोन, दोन नग, पोर्तोला पाठवायचे. दुसऱ्या दिवशीही तसंच. आज कोण अडकलंय, हे तिनं त्यानंतर कधीच विचारलं नाही. कामेननं मला नवी खुर्ची दिली, उंच पाठीची, आणि मी ह्या कामाची प्रमुख झाले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कामेननं मला पुन्हा पाठवलं, वह्या ताब्यात घ्यायला आणि राहिलेलं विचारून यायला. मी दुसऱ्या कोणाला पाठव म्हणाले. तो म्हणाला, “ताई, दुसऱ्या कोणाला भाषा येते?”

ऑफिसात खोकी भरून ठेवलेली होती. तेल्मुला लिस्बनला काम मिळालं होतं, बाकीचे दोघे आदल्या आठवड्यात गेले होते. ग्रासिंदा एकटीच आपल्या टेबलाशी बसली होती, पाय पाटावर टेकवून. तिन्ही निळ्या वह्या पुढ्यात एकावर एक ठेवल्या होत्या. आणि दोरा तिच्या मनगटावर होता. लाल विटून गुलाबी झाला होता, पांढरा राखाडी.

“बस,” ती म्हणाली. “जे वहीत नाही ते सांगते.”

सकाळपासून तिनं मला शिकवलं. काही हातचं राखलं नाही. कुठला मेकॅनिक अंदाजानं सांगतो, कुठला सोमवारी नीट ऐकत नाही, कुठल्या इमारतीची राखणदार बाई मेकॅनिकपेक्षा शहाणी आहे, सगळं. एकदाही आवाज चढवला नाही. पोरी मात्र म्हणाली नाही. बोलण्याच्या ओघात कळलं की ओरासिओनं एप्रिलमध्ये एक मुलगी घेतली. ग्रासिंदानं जुलैत जाऊन विचारून पाहिलं, पण आता त्याच्याकडे दोन माणसांचं काम नाही. दुसरीकडे तीन ठिकाणी गेली. एका ठिकाणी तर जन्मसाल ऐकून पुढचा फॉर्मच भरून घेतला नाही. हे तिनं मेकॅनिकांची नावं सांगताना सांगावं तितक्याच सहज सांगितलं.

दुपारी ती वहीतून मान वर न करता म्हणाली, “मार्चमध्ये तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“माझ्या घरी जेवायला बसलीस तेव्हा?”

“हो. जानेवारीपासून.”

तिनं पेनाला टोपण लावलं. बाहेर बदामाच्या झाडावर काळी पडलेली टरफलं लटकत होती. मी वाट बघत बसले. मला वाटतं, तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

“पान एकेचाळीस काढ,” ती म्हणाली.

मी माझी वही उघडली.

“वाच.”

“बेझा, वृद्धाश्रम. दाराचं लॉक. तिसऱ्या खणातलं, उलटं बसवायचं.”

“स्क्रू कुठले?”

ते मी लिहिलं नव्हतं.

“लांब स्क्रू लागतात. लॉकबरोबर येतात ते आखूड, त्यांच्यावर बसत नाही. लिही.” मी लिहिलं. “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. “बरोबर. तुझ्यामाझ्यात काय झालं त्याच्याशी त्या म्हाताऱ्यांचा काही संबंध नाही. ते अडकायला नकोत.”

“दोना ग्रासिंदा, मी…” मी सुरुवात केली. चार महिने पाठ केलेलं भाषण होतं, तिच्याच भाषेत.

तिनं डावा हात माझ्यापुढे धरला. “आधी हे काढ. तू आलीस की काढायचं ठरलं होतं.”

“तुम्ही… जूनमध्येच तोडून टाकायचा ना.”

“झेफेरिनु निघालाच होता कात्री घेऊन. मी नाही म्हटलं. तू येईपर्यंत काढणार नाही असा मी शब्द दिलेला, मी पाळला.”

मी गाठ सोडवायला बसले. माझीच गाठ, दुहेरी, प्रेमानं मारलेली. सात महिन्यांच्या पाण्यानं आणि साबणानं ती अशी आवळली होती की नखही शिरेना. ती हात पुढे धरून बसली होती. शेवटी तिनं दुसऱ्या हातानं खण उघडला, कात्री काढली आणि मला दिली. मी दोरा कापला. उन्हाळ्यात तिचा हात रापला होता, आणि दोऱ्याखाली गोऱ्या कातडीची एक बारीक रेघ राहिली होती.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. “झाडाला बांधायचा म्हणाली होतीस. आता त्यावर फूल नाही.” मग तिनं तो तुकडा माझ्या वहीत एकेचाळिसाव्या पानावर ठेवला, वही मिटली, आपल्या तिन्ही वह्या तिच्यावर ठेवल्या आणि सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पाट मात्र तिनं पिशवीत घातला. तो झेफेरिनुनं करून दिलेला होता, कंपनीचा नव्हता. भाषण माझ्या तोंडातच राहिलं. तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि ती जिन्यानं खाली गेली. त्या इमारतीत लिफ्ट नव्हती.

नोव्हेंबरात बेझाहून फोन आला. मेकॅनिक वयस्क असावा, मागे कोणीतरी खोकत होतं.

“दोना ग्रासिंदा?”

“नाही. मी वेलिचका, प्लोवदिवहून.”

त्यानं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, वृद्धाश्रमाची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबलीय, दार लागत नाही. मी एकेचाळीसवं पान उघडलं. दोरा तिथंच होता. तो बोटानं बाजूला केला आणि वाचून दाखवलं, की लॉक आजच पाठवते, ते उलटं बसवा, आणि सोबतचे आखूड स्क्रू वापरू नका, लांब घ्या.

“अगदी त्यांच्यासारखं सांगितलंत,” तो खूश होऊन म्हणाला. “त्यांनीच शिकवलेलं दिसतंय. बोलणं होतं का त्यांच्याशी? झालं तर सांगा, बेझाचे म्हातारे आठवण काढतात म्हणून.”

“सांगते,” मी म्हणाले.